कॉलेजच्या आवारातलं खरकटं आणि पालापाचोळा: वेगळं कुठे करायचं, खत कसं जमवायचं

प्रश्न: आमचं कॉलेज तालुक्याच्या गावी आहे. दीड हजार विद्यार्थी, अडीचशे मुलामुलींचं वसतिगृह, त्याची मेस, एक कँटीन आणि भरपूर झाडं. राष्ट्रीय सेवा योजनेतून आम्ही प्रत्येक मजल्यावर हिरवे-निळे डबे ठेवले, पोस्टर लावली, मागच्या बाजूला खताचे दोन खड्डे घेतले. आता खड्ड्यांना घाण वास सुटलाय, त्यात प्लास्टिक सापडतं, सफाईवाल्या मावशी हात लावायला तयार नाहीत. प्राचार्य म्हणतात, खड्डे बुजवा नाहीतर खत करायचं यंत्र घ्या. काय करावं?

उत्तर:

मॅडम, खड्डे बुजवले तरी चालतील, काम मात्र थांबवू नका. आणि यंत्राची ऑर्डर इतक्यात देऊ नका. तुम्ही लिहिलंय त्यावरून दोन गोष्टी स्पष्ट दिसतात. तुमच्याकडे कचरा वेगळा करायची जागा चुकली आहे, म्हणून खड्ड्यात प्लास्टिक येतं. आणि खड्ड्यात ओलं जितकं पडतं त्या मानाने सुकं पडत नाही, म्हणून वास येतो. खत होणं हे जिवाणूंचं काम आहे, ते ठरल्याप्रमाणे करतात. अवघड काम त्याआधीचं आहे: खरकटं खरकटं म्हणूनच खड्ड्यापर्यंत पोहोचणं. वसतिगृहं आणि कॉलेजांमध्ये हेच काम करताना मला हे सगळीकडे दिसत आलंय, की जिथे ताट हातातून सुटतं तिथे वर्गीकरण झालं तर झालं. नंतर कोणी करायचं म्हटलं तर ते एखाद्या मावशीच्या हातांनीच करावं लागतं, आणि त्या पिशवीत ब्लेड असतं, फुटलेली काच असते, वापरलेला पॅड असतो. त्यांनी नकार दिला हे योग्यच केलं.

आधी मजल्यांवरचे हिरवे डबे उचला. कॉलेजात ओला कचरा मुख्यतः तीन ठिकाणी तयार होतो: मेस, कँटीन आणि झाडांखाली. वर्गाबाहेरच्या डब्यात दिवसाकाठी केळ्याची चार सालं पडतील, बाकी सगळं वेफर्सची पाकिटं, चहाचे कप आणि पेनाची रिफिल. हिरवा डबा तिथे ठेवला की मुलं जवळचा म्हणून त्यातच टाकतात. संध्याकाळी सफाई करणाऱ्यांना दोन्ही डब्यांत एकच माल दिसतो, मग ते दोन्ही एकाच पिशवीत रिकामे करतात. हे एकदा मुलांनी पाहिलं की पोस्टर कितीही लावा, कोणी मनावर घेत नाही. म्हणून मजल्यांवर फक्त निळा डबा ठेवा. हिरवा डबा फक्त खाण्याच्या जागी. घरून डबा आणणाऱ्यांसाठी एक ठरलेली जागा द्या, नळाजवळ, आणि तिथे हिरवा-निळा जोडीने ठेवा. बागेतल्या कट्ट्यांजवळही तसंच. डबे कमी झाले की लक्ष ठेवणं सोपं होतं.

दुसरं, आठवडाभर वजन करा. भाजीवाल्याकडे असतो तसा काटा पुरतो. मेसमधलं ओलं तीन प्रकारांत मोजा: स्वयंपाकघरातली देठं-सालं, ताटातलं खरकटं आणि पातेल्यात उरलेलं शिजवलेलं अन्न. हे तिन्ही एकत्र मोजलं तर आकडा मिळेल, उपाय मिळणार नाही. देठं-सालं स्वच्छ असतात, खताला उत्तम, आणि गावात गाई-म्हशी असतील तर गवळी आनंदाने नेईल. पातेल्यात उरणारं अन्न हा मेसच्या हिशेबाचा प्रश्न आहे. शनिवार-रविवारी निम्मी मुलं घरी जातात आणि भात मात्र रोजच्याइतकाच शिजतो, असं बहुतेक ठिकाणी चालतं. ताटातलं खरकटं हा मुलांचा भाग. तो आकडा रोज मेसच्या फळ्यावर लिहा: काल रात्री इतके किलो. कोणाचं नाव नको, उपदेशाची ओळ नको. आकडा रोज डोळ्यांसमोर राहिला की मुलं आपणहून अर्धी पोळी मागायला लागतात. पर्यावरण अभ्यास हा विषय पदवीच्या मुलांना असतोच; त्याचा प्रकल्प म्हणून हे वजन करायला लावा. गुगलवरून उतरवलेल्या पंधरा पानांपेक्षा त्या सात दिवसांच्या नोंदीतून मुलांना जास्त कळेल.

प्राचार्यांना सांगायला कायद्याची बाजूही हाताशी ठेवा. २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी दिवसाला सरासरी १०० किलोंहून जास्त कचरा करणाऱ्या संस्थांना मोठे कचरा निर्माते मानलं, आणि ५,००० चौरस मीटरपेक्षा मोठ्या आवाराच्या संस्थांनी ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवावा असं सांगितलं. तुमचं आवार त्याहून मोठंच असणार. कॉलेजांचं मूल्यांकन करणारी नॅक कचरा व्यवस्थापनही पाहते हे त्यांना माहीत असेलच, फक्त नॅकची समिती यायच्या आठवड्यापुरतं हे काम उभं करू नका. मुलं आणि मावशी दोघांनाही ते लगेच कळतं.

आता मेसमधली ताट परत करायची जागा. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो आणि तुम्हीही घालवा, कारण निम्मं काम इथे होतं.

बहुतेक मेसमध्ये ही जागा एका अंधाऱ्या कोपऱ्यात असते. मोठा प्लास्टिकचा ड्रम, त्यावर चिकट झाकण, शेजारी बेसिन. मुलगा एका हातात ताट आणि दुसऱ्या हातात मोबाइल घेऊन येतो, ताट ड्रमवर उपडं करतो आणि निघून जातो. ताटात टिश्यू असतो, दह्याचा कप असतो, लोणच्याची पुडी असते. सगळं एका झटक्यात आत. वर आपल्याकडे ताटातच हात धुवायची सवय. म्हणजे खरकटं आणि गढूळ पाणी एकत्र. ते पाणीच पुढे खड्डा नासवतं.

ही जागा अशी मांडा. कमरेइतक्या उंचीचं पत्र्याचं टेबल, त्याला दोन भोकं. मूल ज्या बाजूने येतं त्या बाजूला पहिलं भोक सुक्याचं: टिश्यू, कप, पुडी, टूथपिक. त्यानंतर हातभर अंतरावर दुसरं भोक खरकट्याचं. क्रम उलटा करू नका. खरकटं आधी आलं की ताट उपडं होतं आणि सगळंच त्यात जातं. सुकं आधी आलं की हाताने टिश्यू उचलावाच लागतो आणि मग ताट रिकामं करता येतं. खरकट्याचं भोक ताटापेक्षा लहान, साधारण वीतभर, आणि त्याच्या कडेला जुन्या ट्यूबचं रबर, म्हणजे ताट त्यावर आपटता येतं आणि आवाजही होत नाही. खाली भोकं पाडलेला डबा, आणि तो एका मोठ्या डब्यात बसवलेला, म्हणजे आमटी आणि ताक खाली निथळतं. हे निथळलेलं पाणी सांडपाण्याच्या चेंबरमध्ये सोडा, तेलाचा थर पकडणारी टाकी असेल तर त्यातून. पावसाच्या गटारात कधीच नाही.

जेवणाच्या वेळेत डब्याला झाकण नको. झाकणाला कोणी हात लावत नाही. आत काय आहे ते दिसलं पाहिजे, म्हणून टेबलावर चांगला दिवा टांगा; रात्रीच्या जेवणाला त्याची खरी गरज. स्वच्छ खरकट्याने भरलेल्या, उजेडातल्या डब्यात प्लास्टिकची पिशवी टाकायला माणूस बिचकतो, आणि अंधाऱ्या, आधीच घाण झालेल्या ड्रमात काहीही टाकतो. बेसिन टेबलाच्या पलीकडे, चार पावलांवर. ताट ठेवून मग हात धुवायचे, ही सवय नुसत्या जागेमुळे लागते.

मांसाहाराच्या दिवशी हाडांसाठी तिसरा छोटा डबा ठेवा. कोंबडीची बारीक हाडं चांगल्या तापलेल्या ढिगात मऊ पडतात, पण उंदीर आणि कुत्री त्यांच्या मागे येतात. सुरुवातीचे काही महिने हाडं ढिगापासून लांब ठेवा. ढीग नीट तापायला लागला की मधोमध खोल पुरता येतील.

पहिले तीन आठवडे टेबलाशी जेवणाच्या वेळी कोणीतरी उभं पाहिजे. मावशी नकोत, मुलंच हवीत, आणि शक्यतो त्या मेसमध्ये जेवणारी. त्यांनी रागवायचं नाही, फक्त म्हणायचं, "टिश्यू इकडे." सीनियर मुलांनी केलं की पहिल्या वर्षाची मुलं आपोआप करतात. दर वर्षी जून-जुलैत नवी मुलं येतात, तेव्हा हे तीन आठवडे पुन्हा द्यावे लागतात. त्याला पर्याय नाही, आणि तो वेळ वार्षिक नियोजनात आधीच धरा.

कँटीनचा प्रश्न वेगळा आहे. तिथे वेगळं करण्यापेक्षा वस्तूच बदलायची. चहाचा कागदी कप हा मोठा शत्रू. दिसतो कागदी, म्हणून मुलं तो हिरव्या डब्यात टाकतात, पण आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो. खतात कागद कुजतो आणि तो थर तसाच राहतो. रद्दीवालाही असे कप घेत नाही. काचेचे किंवा स्टीलचे ग्लास परत आणा आणि ते विसळायला एक माणूस जास्त लागेल हे कँटीनच्या करारात लिहा. सॉसच्या पुड्यांऐवजी बाटली. वडापाव वर्तमानपत्रात देऊ नये, शाईमुळे. साधा कोरा कागद चालतो आणि तेलकट झाल्यावर तो खतात जातो. पत्रावळी-द्रोण घेत असाल तर पळसाच्या पानांचे, काडीने टाचलेले घ्या. बाजारात पत्रावळीसारख्या दिसणाऱ्या पण वर चकचकीत प्लास्टिकचा थर असलेल्या थाळ्या मिळतात, त्या नकोत. उसाच्या चोथ्याच्या थाळ्या कुजतात, फक्त तुकडे करून टाका. 'कंपोस्टेबल' छापलेल्या पिशव्यांचा मोह टाळा. त्या मोठ्या प्रकल्पातल्या सलग उष्णतेत विरघळतात, तुमच्या ढिगात महिनोन्महिने तशाच राहतील, शिवाय साध्या पिशवीतून त्या ओळखता येत नाहीत. गॅदरिंगच्या वेळी केटरर बाहेरचा असतो. त्याच्या करारातही हे लिहा, नाहीतर वर्षभराचं काम दोन दिवसांत बिघडतं. रसवंतीवाला फाटकाशी असेल तर त्याची चिपाडं मागून घ्या. सुकवून तोडली की ढिगाला पोकळी द्यायला छान.

आता वास. खरकट्यात नत्र आणि पाणी भरपूर असतं, कर्ब आणि हवा कमी. भाताचे गोळे बसतात, पोळ्या एकमेकींना चिकटतात, आत हवा शिरत नाही. हवा नसली की वेगळेच जिवाणू कामाला लागतात आणि सडका वास येतो. सुका पाला यावर एकाच वेळी तीन कामं करतो: पाणी शोषतो, पोकळी ठेवतो आणि कर्ब पुरवतो. एक भाग नत्राला पंचवीस ते तीस भाग कर्ब, आणि ओलावा पन्नास ते साठ टक्के, एवढं जमलं की ढीग आपोआप तापतो. प्रयोगशाळा लागत नाही. वजनाने तीन भाग निथळलेलं खरकटं आणि एक भाग सुका पाला, हे प्रमाण तुम्हाला साधारण तिथे नेतं. बादलीच्या मापात एक बादली खरकट्याला दोन ते तीन बादल्या पाला, पाला चुरलेला असेल तर दोनच. मूठभर माल घट्ट पिळून पाहा: एखादा थेंब सुटला तर ठीक, धार लागली तर पाला कमी, काहीच सुटलं नाही आणि मूठ उघडल्यावर माल विस्कटला तर पाणी शिंपडा.

आता वर्षाचा हिशेब करा, कारण इथेच कॉलेजं अडतात. समजा तुमच्या मेसमधून रोज ४० किलो खरकटं निघतं. त्याला रोज १३ किलो सुका पाला हवा. मेस वर्षाला २७० दिवस चालते असं धरलं तर साडेतीन टन पाला लागला. आणि पाला पडतो कधी? जानेवारी ते मार्च. तेव्हा झाडलोट करणारे तो गोळा करून पेटवतात, जून उजाडला की ढिगाला घालायला मूठभरही नसतो, आणि त्याच वेळी पाऊस सुरू, मुलं परत आलेली. तुमच्या खड्ड्यांना वास सुटला तो पावसाळ्यातच सुटला असणार.

म्हणून या कामाचं खरं भांडवल म्हणजे पाल्याची कोठी. जाळीचे पिंजरे करा, वर पत्रा, खाली विटांवर फळ्या, आणि मार्चअखेर भरून ठेवा. सुटा पाला फार जागा खातो. पाला बारीक करायचं यंत्र असेल तर तोच माल साधारण तिसऱ्या हिश्श्यात बसतो. तुम्हाला यंत्रावर पैसे खर्च करायचेच असतील तर या यंत्रावर करा. शिरीष, गुलमोहराची बारीक पानं तशीच चालतात, लवकर कुजतात. आंबा, वड, फणसाची जाड पानं चुरूनच घाला. निलगिरीची पानं थोडी असतील तर चालतील, ढीगभर नकोत. पाला गोळा करताना मुलांना फिरवा आणि त्यातली पाकिटं तिथेच वेचा. पाल्यातून येणारं प्लास्टिक मेसमधल्या प्लास्टिकपेक्षा शोधायला किचकट असतं. पाला जाळणं तर पूर्ण बंद करा. उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये बंदी घातली आणि दंडही ठरवला, पण दंडाआधी पाला ही तुमची वर्षाची पुंजी आहे. पुण्यात 'ब्राउन लीफ' नावाचा गट ज्यांच्याकडे पाला जास्त आहे त्यांची आणि ज्यांना हवा आहे त्यांची गाठ घालून देतो. तुमच्या गावात शेजारची शाळा, मंदिराचं आवार, तहसील कचेरी इथला पाला मागितला तर लोक आनंदाने देतील.

खरकट्याला लागतो त्याहून जास्त पाला असेल तर त्याचं वेगळं खत करा, आणि त्यासाठी नाडेपची टाकी करा. पुसदच्या नारायण देवताव पांढरीपांडे यांनी ही पद्धत रूढ केली. विदर्भातल्या शेतकऱ्याला ती सांगावी लागत नाही. जमिनीवर विटांची साधारण दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच टाकी, भिंतीत हवेसाठी भोकं. पाला-पाचोळ्याचा थर, त्यावर शेणकाल्याचा सडा, त्यावर चाळलेल्या मातीचा पातळ थर, असं रचत जायचं आणि वरून शेणमातीने लिंपायचं. तीन ते चार महिन्यांत खत. शेण अगदी थोडं लागतं, हा या पद्धतीचा मोठा गुण. खरकटं मात्र या टाकीत घालू नका.

खरकट्यासाठी खड्डा नको, जमिनीवरची जाळीदार खोकी हवीत. खड्ड्यात हवा जात नाही, पावसाचं पाणी साचतं, उलथायला वाकावं लागतं. एक मीटर लांब, रुंद, उंच असं खोकं, विटांच्या जाळीचं किंवा लाकडी फळ्यांचं. याहून लहान ढीग नीट तापत नाही. रोज ४० किलोंच्या हिशेबाने एक खोकं आठ-दहा दिवसांत भरतं. सहा-सात खोकी एका रांगेत, वर पत्र्याची शेड. तळाला काटक्या आणि चिपाडं, मग पाल्याचा वीतभर थर, मग रोजचं खरकटं पाल्यात कालवून, आणि वर नेहमी चार बोटं सुका पाला. वरचा हा थर चुकवू नका. माश्या आणि वास दोन्ही यानेच थांबतात. नव्या खोक्यात जुन्या खताचं घमेलंभर विरजण लावा. गूळ-ताक-शेणाचं पाणी चालतं, पण विकतच्या कल्चरच्या (जिवाणूंच्या विरजणाच्या) बाटल्यांची गरज नाही.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी ढिगात लोखंडी सळई खुपसून दहा मिनिटांनी बाहेर काढा. हाताला चटका बसला तर काम व्यवस्थित चालू आहे. आतलं तापमान ५५ अंशांवर गेलेलं असतं आणि त्यात रोगजंतू आणि तणाचं बी मरतं. सळई थंडच निघाली तर ढीग एक तर कोरडा आहे किंवा चिखल झालाय. भरलेलं खोकं आठवड्याने शेजारच्या रिकाम्या खोक्यात उलथा, कडेचा माल मध्ये येईल असं. अमोनियाचा झणझणीत वास आला तर पाला वाढवा. कुजक्या अंड्यासारखा आला तर आजच उलथा. ढिगात राखाडी, चपट्या, जाड अळ्या दिसल्या की मुलं किंचाळतात. त्या बहुधा ब्लॅक सोल्जर माशीच्या असतात, खरकटं झपाट्याने खातात, रोग पसरवत नाहीत. त्यांना राहू द्या. फार झाल्या असतील तर ओलावा जास्त आहे एवढंच समजा.

गांडूळखताबद्दल विचारतील. ताजं, तेलकट, मिठाचं खरकटं गांडुळांना सोसत नाही आणि तापलेल्या ढिगात ती मरतात. पहिली उष्णता ओसरल्यावरचा माल द्या, मग छान काम करतात.

यंत्राचं बोला. 'चोवीस तासांत खत' म्हणून जी यंत्रं विकली जातात त्यांतून बाहेर येतो तो तापवून वाळवलेला, दळलेला भुगा. रंग खतासारखा दिसतो. कुंडीत घालून पाणी दिलं की तो पुन्हा ओला होतो, बुरशी धरतो, वास मारतो आणि मुळं जाळतो. कुजायला लागणारा वेळ विजेने वाचत नाही. खरकटं बारीक करून भुशात मिसळणारी यंत्रं त्यापेक्षा बरी, पण त्यांचा मालही नंतर क्रेटमध्ये दोन-तीन आठवडे मुरवावाच लागतो, भुसा विकत आणावा लागतो, आणि चमचा अडकला की यंत्र दुरुस्तीला. तुमच्यासारख्या कॉलेजला जागा आहे, पाला आहे, मुलं आहेत. तुम्हाला ते नको.

पर्याय हवाच असेल तर बायोगॅसचा विचार करा. शिजवलेला भात, पोळी, बटाटा यात पिष्ट भरपूर, आणि गॅसला तेच हवं. पुण्याच्या 'आरती' या ग्रामीण तंत्रज्ञानाच्या संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी खरकट्यावर चालणारं छोटं बायोगॅस संयंत्र विकसित केलं आणि २००६ मध्ये त्याला शाश्वत ऊर्जेच्या कामासाठी दिला जाणारा अॅशडेन पुरस्कार मिळाला. मोठ्या प्रमाणासाठी भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'निसर्गऋण' तंत्र आहे. मेसच्या शेगडीला गॅस मिळाला की मेसचालकाला खरकटं वेगळं ठेवण्यात स्वतःचा फायदा दिसतो, ही मोठी गोष्ट. पण संयंत्राला रोज खाऊ लागतो. दिवाळी आणि मे महिन्यात मेस बंद असताना काय घालणार ते आधी ठरवा. आणि प्लास्टिकचा प्रश्न इथेही तसाच आहे. पिशव्या आत गेल्या की तोंड तुंबतं. ताटाशी वर्गीकरण बसल्याशिवाय कोणतंच संयंत्र घेऊ नका.

सुक्याचं थोडक्यात. ओलं वेगळं झालं की सुक्याला किंमत येते, हे मुलांना सांगा. आमटी लागलेला पुठ्ठा भंगारवाला घेत नाही, कोरडा घेतो. मेसमधल्या दुधाच्या पिशव्या कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लटकत ठेवा. तो छोटा तुकडा कुठेतरी उडून जातो आणि शेवटी खतात किंवा गाईच्या पोटात सापडतो. पिशव्या विसळून दोरीवर वाळवल्या की चांगल्या भावाने जातात. जुन्या उत्तरपत्रिका, वह्या, पाण्याच्या बाटल्या, पत्रा, काच वेगवेगळ्या पोत्यांत. वेफर्सच्या चंदेरी पाकिटांना घेणारा सहज मिळत नाही, म्हणून ती कँटीनमध्येच कमी करा आणि चिक्की, फुटाणे बरणीतून विका.

हे विकून येणारे पैसे सफाई करणाऱ्यांनाच मिळाले पाहिजेत, उघडपणे, वहीत लिहून. कॉलेजच्या खात्यात ते जमा झाले तर पोत्यांची काळजी घेण्यात त्यांना स्वारस्य उरत नाही, आणि का असावं? गावात कचरावेचक असतील तर त्यांना ओळखपत्र देऊन आत घ्या. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, तिची सुरुवात एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ शिक्षण विभागातल्या कामातून झाली होती. पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही सहकारी संस्था आली. कॉलेज-विद्यापीठाने कचरावेचकांशी नातं जोडण्याची परंपरा आपल्याकडे आहे. हातमोजे, गमबूट, हात धुवायला साबण आणि गरम पाणी, बसायला जागा, या गोष्टी पहिल्या दिवसापासून द्या.

काही वस्तू मात्र या दोन्ही डब्यांत कधीच नकोत. सॅनिटरी पॅड कागदात गुंडाळून, वर लाल ठिपका काढून, वसतिगृहाच्या स्वच्छतागृहातल्या वेगळ्या झाकणाच्या डब्यात. प्रयोगशाळेतली रसायनं आणि फुटकी काच, जीवशास्त्राच्या विच्छेदनाचे नमुने, सुया, सेल, ट्यूबलाइट हे सगळं त्या-त्या विभागाच्या जबाबदारीवर वेगळं. रसायनशास्त्र विभागाच्या प्रमुखांशी तुम्ही स्वतः बोला. गवतावर तणनाशक मारत असतील तर ते गवत ढिगात घेऊ नका.

खत तयार झालं हे कसं ओळखायचं? दीड-दोन महिन्यांत माल गडद तपकिरी होतो, मूळची वस्तू ओळखू येत नाही, ढीग उलथूनही पुन्हा तापत नाही. ओंजळभर माल थोडा ओला करून पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर पहिल्या पावसाच्या मातीचा वास आला तर झालं. आंबट किंवा उग्र आला तर अजून मुरू द्या. मेथीचे दाणे पेरून पाहा, चार-पाच दिवसांत बहुतेक उगवले तर झाडांना निर्धास्त द्या. मग वाळू चाळतात तसल्या जाळीने चाळा, वर राहिलेला जाड माल नव्या खोक्यात विरजणाला. विक्रीच्या मागे लागू नका. विकण्यासाठी खत नियंत्रण आदेशाची मानकं पाळावी लागतात, आणि तुमच्या आवारातली झाडंच हे सगळं खत सहज खातील.

आत्ता खड्ड्यांचं एवढं करा: नवीन काही टाकू नका, त्यातला माल बाहेर काढून उन्हात पसरा, हातमोजे घालून प्लास्टिक वेचा, दुप्पट पाला मिसळून जमिनीवर ढीग लावा. मालाचा वास आठवड्याभरात जाईल. रिकाम्या खड्ड्यांत माती भरून झाडं लावा. प्राचार्यांकडे मागायचं ते एवढंच: मेसमध्ये पत्र्याचं टेबल आणि दिवा, एक काटा, सात खोकी, वर शेड, पाल्याचे दोन-तीन पिंजरे, शक्य असेल तर पाला बारीक करायचं यंत्र. टेबल गावातला वेल्डर दोन दिवसांत करून देईल, ते लगेच मांडा. पिंजरे मात्र डिसेंबरच्या आत उभे राहिले पाहिजेत, कारण पानगळ थांबत नाही.